पानात लोह आहे, मग रक्तात का नाही?

मॅडम, नमस्कार.

माझं वय ३८, वजन ५४ किलो. संगमनेरजवळ राहते, शाळेत शिकवते. घर पूर्ण शाकाहारी. जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.२ आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ७ निघालं. डॉक्टरांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली आहे. दोन्ही रात्री झोपताना दुधाबरोबर एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही.

मला कळत नाही, आम्ही खातो काय कमी? सकाळी पोहे नाहीतर उपमा, त्याबरोबर चहा. दुपारी डब्यात पोळी-भाजी आणि लगेच स्टाफरूममधला चहा. रात्री बाजरीची भाकरी, डाळ किंवा मटकीची उसळ, थोडा भात. आठवड्यातून दोनदा पालक. सासूबाई रोज बीट किसून देतात. गूळ-शेंगदाणे तर असतातच.

धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. ते म्हणतात, वनस्पतींतलं लोह अंगाला लागतच नाही. धान्यात आणि डाळींत फायटिक ॲसिड असतं, ते सगळी खनिजं बांधून बाहेर नेतं. ‘वहिनी, भाकरी-डाळी बंद करा आणि लिव्हर खायला लागा,’ म्हणून रोज एक व्हिडिओ पाठवतात. खरंच असं आहे का? या वयात आता मटण खायला लागू का?

पाळीत रक्तस्राव जास्त होतो, पण ते दोन वर्षांपासून तसंच आहे. आणि हो, मुलगी १३ वर्षांची आहे. तिला पाटीवरची पेन्सिल खायची सवय लागली आहे. त्यावरही जमलं तर सांगा.

– एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

‘आणि हो’ म्हणून शेवटी जे लिहिलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पाळी आणि पेन्सिल, दोन्हींकडे येते. पण दीरांच्या व्हिडिओंनी तुम्हाला जास्त घोर लावलेला दिसतो, तेव्हा आधी त्यांचा समाचार घेऊ.

ते सांगतात त्यातला अर्धा भाग खरा आहे. मांसातल्या लोहाचा बराचसा भाग हीम प्रकारचा असतो आणि त्यातलं साधारण १५ ते ३५ टक्के आपण शोषून घेतो. धान्य, डाळी, भाज्या, सुकामेवा यांतलं लोह बिगर-हीम. त्याच्या शोषणाचं प्रमाण २ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. व्हिडिओवाले यातला दोनाचा आकडा उचलतात आणि विसाचा सोडून देतात. खरी गंमत या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. तीच बाजरीची भाकरी एका पानात दोन टक्के लोह देते, दुसऱ्या पानात दहा. भाकरीत काही बदललेलं नसतं, तिच्या शेजारी काय वाढलंय ते बदललेलं असतं.

शिवाय खाणाऱ्या बाईचं शरीरही यात गप्प बसलेलं नसतं. यकृतात हेपसिडिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. साठा भरलेला असला की ते वाढतं आणि आतड्यातून रक्तात जाणारं लोह अडवतं. साठा आटला की ते कमी होतं आणि वाट मोकळी होते. तुमचं फेरिटिन ७ आहे, म्हणजे कोठार रिकामं आहे. एकाच पंगतीला बसून तुम्ही आणि तुमचे यजमान सारखंच जेवलात, तर त्यातलं लोह तुमचं शरीर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त उचलेल. तेव्हा ‘वनस्पतींतलं लोह लागतच नाही’ हे वाक्य तुमच्या बाबतीत तर आणखीच चुकीचं आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती दीरांना जरूर कळवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराची जी शिफारस काढली, तिच्यात पाळी चालू असलेल्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. अमेरिकेत तोच आकडा १८ आहे. आपल्या बायकांच्या अंगाला काही जास्त लोह लागत नाही. रोज रक्तात पोहोचायला हवं ते दीड-दोन मिलिग्रॅमच, इथेही आणि तिथेही. आपल्या पानातून थोडंच शोषलं जातं हे गृहीत धरूनच आपल्याकडचा आकडा वर नेलेला आहे. म्हणजे व्हिडिओत जे गुपित म्हणून फोडलं जातं, ते आपल्या तक्त्यात आधीच मोजलेलं आहे. ते पुन्हा वजा करून ‘आपलं सगळं जेवण फुकट’ म्हणणं म्हणजे एकच देणं दोनदा फेडणं.

पण २९ पर्यंत तुम्ही तरी पोहोचता का? तुम्ही लिहिलेल्या दिवसाचा मी ढोबळ हिशेब मांडला. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेसहा मिलिग्रॅम, गव्हाच्या तेवढ्याच पिठात चार, मूठभर मटकीत तीन, पोह्यांत दोनेक, बाकी किरकोळ. बेरीज पंधरा-अठराच्या आसपास येते. म्हणजे मुळात लोह कमी, वर आहे त्याचीही वाट अडवलेली. यात सुधारायला पुष्कळ जागा आहे आणि त्यासाठी भाकरी सोडायची गरज नाही.

तरीही आधी स्पष्ट सांगते, तुमच्या आजच्या रिपोर्टवर नुसत्या जेवणाने भागणार नाही. तुमचं वजन आणि हिमोग्लोबिन धरून, ९.२ वरून १३ पर्यंत जायला आणि कोठार भरायला मिळून जवळजवळ हजार मिलिग्रॅम लोह रक्तात पोहोचायला हवं. पान कितीही सुधारलं तरी त्यातून रोज अर्धा-एक मिलिग्रॅमच जास्तीचं मिळेल. भागाकार तुम्हीच करा, गणिताच्या नसलात तरी. वर्षं जातील आणि दर महिन्याच्या पाळीत त्यातलं निघूनही जात राहील. म्हणून गोळी हवीच. पान सुधारायचं ते यासाठी, की गोळी संपल्यावर पुन्हा याच जागी येऊ नये.

तुमचा सगळ्यात मोठा चोर मात्र फायटिक ॲसिड नाही. तो चहा आहे.

चहातली पॉलिफेनॉल द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतला की त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं, हे १९७५ पासून अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. ‘आमचा दुधाचा चहा असतो, कोरा नाही,’ असं पुष्कळ जणी म्हणतात. दूध घातल्याने यात काही फरक पडत नाही. कॉफीचंही तसंच, जरा कमी एवढंच. पोह्यांबरोबर चहा आणि डब्यावर चहा, म्हणजे दिवसातली तीनपैकी दोन जेवणं तुम्ही चहाला वाहताय. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. संगमनेरच्या शाळेत स्टाफरूममध्ये बसून चहा न पिणं म्हणजे काय, ते मला समजतं. फक्त खाणं आणि चहा यांत अंतर ठेवा. सकाळी उठल्यावरचा चहा पिऊन टाका आणि पोहे तासाभराने खा. दुपारचा चहा डबा झाल्यावर दीड-दोन तासांनी, मधल्या तासाला घ्या. एवढं एकच काम या आठवड्यापासून केलंत, तरी बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त पदरात पडेल. याला पैसाही लागत नाही.

आता फायटिक ॲसिड. त्याला विष म्हणणं मला पटत नाही. बी पुढे रुजायचं असतं, त्यासाठी लागणारं फॉस्फरस झाड याच रूपात साठवून ठेवतं. लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना ते धरून ठेवतं, हे खरं. पण त्याच बीत फायटेज नावाचं विकरही (एन्झाइम) असतं, जे हा साठा फोडतं. ते जागं व्हायला ओलावा, थोडी ऊब आणि वेळ लागतो. आपल्या आज्या-पणज्यांना फायटेज माहीत असायचं कारण नव्हतं, पण मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवायची, हे माहीत होतं.

इथे काय उपयोगी आणि काय नाही, ते नीट समजून घ्या. प्रेशर कुकरने फायटिक ॲसिड फारसं मोडत नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. उलट उष्णतेने फायटेज मात्र मरतं. म्हणून आधी भाजून मग भिजवलेल्या धान्याला भिजवल्याचा फायदा कमी. क्रम असा हवा: भिजवा, मोड आणा किंवा आंबवा, आणि मग भाजा किंवा शिजवा. नुसतं आठ-दहा तास भिजवल्याने थोडं काम होतं, चांगले मोड आल्यावर पुष्कळ. मोडांत सी जीवनसत्त्वही तयार होतं, तेव्हा उसळीचा लगदा होईपर्यंत शिट्ट्या देऊ नका. झाकण ठेवून वाफेवर मऊ होऊ द्या.

धान्यांत फायटेज सारखं नसतं. गहू आणि जव यांत ते बऱ्यापैकी असतं. बाजरी, ज्वारी, मका, तांदूळ यांत कमी. त्यामुळे पोळीची कणीक मळून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवली तर थोडा तरी उपयोग होतो, बाजरीच्या पिठाला मात्र तेवढ्याने काही होत नाही. बाजरीसाठी दोन वाटा आहेत. एक आंबवण्याची: ज्वारी-बाजरीची आंबील, आंबवलेल्या पिठाची धिरडी. पिठात मूठभर गव्हाचं पीठ कालवून रात्रभर ठेवलं, तर गव्हातलं फायटेज बाजरीच्याही कामाला येतं. दुसरी वाट म्हणजे बाजरीला मोड आणून, वाळवून दळणं. हे खटाटोपाचं काम आहे आणि नोकरी करणाऱ्या बाईला रोज जमणार नाही, हे मलाही कळतं. नाचणीचं सत्त्व मात्र वर्षातून दोनदा करून ठेवता येतं. मोड आणून केलेलं हवं, नुसती भाजलेली नाचणी दळलेलं नको.

‘मग मैदाच बरा, त्यात फायटिक ॲसिड नाही,’ असा प्रश्न मला एकदा एका गृहस्थांनी विचारला होता. फायटिक ॲसिड कोंड्यात असतं हे बरोबर, पण लोह आणि जस्तही तिथेच असतं. चाळणीतून दोन्ही जातात.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत कधी येत नाही. शोषणाचे बरेच प्रयोग एकाच जेवणावर केलेले असतात, त्यामुळे त्यांत फायटिक ॲसिड फार भयंकर दिसतं. अमेरिकेत लोह कमी असलेल्या बायकांना आठ आठवडे भरपूर फायटिक ॲसिडचं जेवण दिलं, तेव्हा त्याची अडवणूक हळूहळू कमी झाली. शरीराने जुळवून घेतलं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रातला एक प्रयोग छापून आला, तो तर तुमच्या भाकरीवरचाच आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून जास्त लोहाची बाजरी काढली, ‘धनशक्ती’ नावाची. १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना त्या बाजरीची भाकरी दिली, तेव्हा त्यांचं फेरिटिन काही महिन्यांत वाढलं, आणि सहा महिन्यांनी, ज्यांना लोहाची कमतरता होती त्यांच्यापैकी ती भरून निघालेल्यांचं प्रमाण साध्या बाजरीवरच्या मुलांपेक्षा जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट होतं. फायटिक ॲसिड असलेल्या भाकरीनेच हे केलं. राहुरी तुमच्यापासून काही लांब नाही; धनशक्तीचं बी पेरणारा शेतकरी ओळखीत असेल तर त्याच्याकडूनच बाजरी घ्या.

आता वाट मोकळी करणाऱ्यांकडे वळू. सी जीवनसत्त्व यांतलं सगळ्यात भरवशाचं. ते लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवतं आणि फायटिक ॲसिडचा व चहाचा अडथळाही पुष्कळसा मोडून काढतं. मात्र ते त्याच घासाबरोबर पोटात जायला हवं. सकाळी अनशापोटी लिंबूपाणी पिऊन दुपारच्या पोळीला काही मिळत नाही. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली रीत आहेच, फक्त गॅस बंद केल्यावर पिळा, कारण उष्णतेने ते नासतं. डब्यात कोबीची कोशिंबीर, टोमॅटो, नाहीतर पेरूच्या चार फोडी ठेवा. पेरूत आणि आवळ्यात शंभर ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या वर सी जीवनसत्त्व असतं, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. उसळीवर कच्चा कांदा हवाच: म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१० मध्ये असं दिसलं की कांदा आणि लसूण यांच्यामुळे धान्य-डाळींतलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं. हे प्रयोगशाळेतल्या नळीतलं काम आहे, माणसांवरचं नव्हे, पण कांदा-लसणीने नुकसान तर नाही. त्याच संस्थेच्या आधीच्या अभ्यासात लिंबू आणि आमचूर उपयोगी ठरले, चिंच आणि आमसूल मात्र नाही; त्यांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. कोकणातल्या वाचकांनी रागावू नये, सोलकढी चवीसाठी प्यावी.

लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. टोमॅटो घातलेली, रस असलेली भाजी तिच्यात शिजवली की लोखंड खरोखरच भाजीत उतरतं. भाजी जरा काळी पडेल, घरात कुरकुर होईल. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा. नॉनस्टिक आल्यापासून आपण हे एक फुकटचं लोह घालवून बसलो आहोत.

बिटाबद्दल थोडक्यात, कारण सासूबाईंना दुखवायचं नाही. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. डाळिंबात त्याहून कमी. लाल रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही. कोशिंबीर म्हणून खुशाल खा. गुळात थोडं असतं, पण आपण खातो तो खडा केवढा! त्यापेक्षा सासूबाईंना अळिवाचे लाडू करायला सांगा, ओलं खोबरं आणि गूळ घालून, भिजवायला नारळाचं पाणी. अळिवात लोह भरपूर आहे. अळिवाची दुधातली खीर मात्र या कामासाठी नको, दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. तिळाची, कारळ्याची चटणी रोज चमचाभर पानात असू द्या.

पालकाचं प्रकरण वेगळं आहे. त्यात शंभर ग्रॅममागे तीनेक मिलिग्रॅम लोह असतं, वाईट नाही. पण पालकातून कॅल्शियम मिळेल ही आशा सोडा. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला असं धरून ठेवतं की जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. कॅल्शियमसाठी दूध-ताक, नाचणी, आणि भाज्यांत मेथी, मुळ्याचा पाला, कोबी. यांत ऑक्झॅलेट कमी असतं. पोटॅशियम, मॅग्नेशियम वगैरेंची चिंता करू नका, तुमच्या जेवणात ती भरपूर आहेत.

मटणाचं विचारलंत. मन होत नसेल तर अजिबात नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्ताची कमतरता निघाली. त्यांतल्या पुष्कळ जणींच्या घरी मटण-मासे चालतात. आठवड्यातून एकदा दोन फोडी खाऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि घरातल्या बाईच्या ताटात त्या दोन तरी येतात का, हेही बघावं लागतं.

आता लेकीचं. पाटीची पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ यांची ओढ लागणं हे लोहाच्या कमतरतेचं फार जुनं आणि ओळखीचं लक्षण आहे. तिला रागावू नका, हात बांधू नका, रक्त तपासा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही. तिची पाळी सुरू झाली असेल तर अधिकच लवकर. आणि पेन्सिल निरुपद्रवी आहे असंही समजू नका. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ च्या सुमारास इराणमधल्या शिराझला काम करत होते. त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. असे आणखी सापडले. सगळ्यांचं जेवण म्हणजे न आंबवलेली कोंड्यासकट गव्हाची रोटी, फारसं दुसरं काही नाही, आणि वर माती खायची सवय. लोह तर कमी होतंच, पण वाढ खुंटण्यामागे जस्ताची कमतरता असावी हा कयास त्यातून निघाला आणि पुढे इजिप्तमधल्या रुग्णांत तो सिद्ध झाला. माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे जगाला तिथून कळलं. दीरांना फायटिक ॲसिडची भीती घालायचीच असेल तर हे उदाहरण अस्सल आहे. पण त्या मुलांच्या पानात रोटीशेजारी काहीच नव्हतं हे विसरू नका. तुमच्या लेकीच्या पानात उसळ आहे, लिंबू आहे, ताक आहे. फक्त पेन्सिल जायला हवी, आणि रक्त भरलं की ती ओढ बहुधा आपोआप जाते.

तिला शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल. तुम्ही स्वतःच वाटत असाल. मुली ती तोंडात ठेवून बाहेर जाऊन थुंकतात, हेही तुम्हाला माहीत असेल. आपल्या लेकीची घशाखाली उतरते ना, ते बघा. जंतनाशकाची गोळीही चुकवू नका. हुकवर्म, म्हणजे आकड्यासारखे जंत, आतड्यातून रक्तच पितात.

राहता राहिलं तुमचं औषध. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दुधाबरोबर एकदम घेताय, म्हणजे त्या लोहाच्या वाटेत दोन अडसर तुम्ही स्वतःच्या हाताने घालताय. लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर किंवा पेरूच्या फोडीबरोबर घ्या, चहाच्या आधी तासभर. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, पण दूध-चहा नको. शौच काळी होते, ती होऊ द्या. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी, किमान दोन-तीन तासांच्या अंतराने. फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. एक डोस घेतला की हेपसिडिन दिवसभर वाढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण घटतं, असं झुरिकमधल्या प्रयोगांत दिसलं आहे. स्वतःच्या मनाने मात्र बदलू नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी बोला. पहिली, बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत ते कमी असणं अगदी नेहमीचं आहे, पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ते वारंवार दाखवलंय. बी-१२ कमी असेल तर लोह भरूनही हिमोग्लोबिन अडकून राहतं. आणि भाकरी-डाळीत बी-१२ नसतंच, तिथे दीरांशी माझा वाद नाही. दुसरी, पाळीचा रक्तस्राव. दोन वर्षांपासून आहे म्हणून तो नेहमीचा होत नाही. रक्ताच्या गाठी पडतात का, किती दिवस चालतं, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, हे लिहून न्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असेल किंवा थायरॉइड बिघडला असेल, तर कितीही लिंबू पिळलं तरी खालून गळती चालूच राहील. गोळ्या नीट घेऊनही महिना-दीड महिन्यात हिमोग्लोबिन हललं नाही, तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक तपासणीही करायला सांगतील. घाबरू नका, एक साधी रक्ततपासणी असते.

साधारण तीन महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या वर जाईल. धाप थांबेल, अंगात हुशारी येईल आणि तुम्हाला गोळ्या बंद कराव्याशा वाटतील. तिथे थांबू नका. तेव्हा रक्त भरलेलं असतं, कोठार अजून रिकामंच असतं. डॉक्टरांना विचारून आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवा आणि फेरिटिन पुन्हा तपासूनच बंद करा.